आठव्या आशीर्वादाआधी

आमच्या पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या घरात सकाळी दोन कामं एकाच वेळी चालायची. मागच्या बाजूला, किचनला लागून असलेल्या अरुंद खोलीत आई शिलाई मशीनवर बसायची आणि पुढच्या खोलीत पप्पा प्रार्थनेला उभे राहायचे. मशीनचा आवाज भिंतींमधून घरभर फिरायचा. ड्रायक्लीनरकडून आलेल्या पँटी, स्कर्ट, पडद्यांच्या कडा, असं काहीतरी तिच्या हाताखाली सतत असायचं. पप्पांच्या प्रार्थनेचा मात्र आवाज नसे. सुरुवातीला ते तीन पावलं पुढे येत तेव्हा गालिच्याखालची फळी करकरायची, आणि मधे एका ठिकाणी ते मुठीने छातीवर दोनदा थाप मारत. बाकी सगळं ओठांतल्या ओठांत. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून शाळेचे बूट घालायची. मशीन थांबलं की समजायचं, चहा होतोय. थापा ऐकू आल्या की समजायचं, पप्पा प्रार्थनेतल्या सहाव्या आशीर्वादाला पोचले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, सिनेगॉगमध्ये हिब्रू, बाकी सगळीकडे इंग्रजी. इल्फर्डमध्ये ज्यू पुष्कळ होते आणि देशी लोकही पुष्कळ होते, पण ज्यूंना आम्ही देशी वाटायचो आणि देशी लोकांना आम्ही काय आहोत ते सांगावं लागायचं. आईला त्याचं काही वाटत नसे. तिचं जग किचनमध्ये पूर्ण होतं. शुक्रवारी नारळाच्या दुधातले मासे, एरवी वालाचं बिरडं. भिजलेले वाल सोलताना ती एकेक साल वाडग्यात अशी उडवायची की टपटप आवाज यायचा. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून आमच्याकडे सगळ्याला नारळ. पप्पा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड्स बघायचे. नेमका माणूस. दाढी करताना दोन्ही गालांवरून वस्तरा सारख्याच वेळा फिरवायचे. त्यांची सकाळची प्रार्थना वीस मिनिटांत आटपायची, कारण पुढे बस असायची. आई म्हणायची, देवाला आणि बसवाल्याला दोघांनाही खूश ठेवणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

पप्पा ह्या हिवाळ्यात गेले. शेवटची काही वर्षं ते लीड्सला माझ्याकडे होते. सात दिवस आम्ही सुतकात बसलो तेव्हा येणारा प्रत्येक जण मला एकच गोष्ट सांगत होता, की तुझ्या वडिलांसारखं मन लावून प्रार्थना करणारा माणूस पाहिला नाही. मी मान हलवत होते. आता वर्षभर मी सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला उभी राहून त्यांच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणते, आणि हे मान हलवणं मला दिवसेंदिवस जड होत चाललं आहे. म्हणून हे लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे, कारण राग अजून ताजा आहे आणि रागात माझी वाक्यं वाहवत जातात.

लासमन नावाचा एक निवृत्त चष्मेवाला मंगळवारी संध्याकाळी आपल्या डायनिंग रूममध्ये वर्ग घ्यायचा. माझ्या सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीच्या, वर्षी पप्पांच्या लॅबमधल्या कोणीतरी त्यांना तिथे नेलं. ज्यू गूढविद्येत मनाचं जे शास्त्र आहे, ते लासमन साध्या माणसांना समजेल असं शिकवतो, अशी त्याची ख्याती होती. पप्पा घरी येऊन आम्हाला सांगायचे. मनाचे तीन भाग. पहिला म्हणजे एकदम चमकून जाणारी कल्पना, तिला लांबी-रुंदी नसते. दुसरा म्हणजे त्या कल्पनेला उलगडणारी समज. तिसरा म्हणजे ते उलगडलेलं घट्ट धरून ठेवणारं ज्ञान, नवरा-बायकोनी एकमेकांना धरावं तसं. आणि माणसात आत्मे दोन. एक जनावराचा, हृदयाच्या डाव्या कप्प्यात, दुसरा देवाचा, मेंदूत. प्रार्थना म्हणजे शब्द म्हणणं नव्हे. शब्दांच्या आधी तासभर एकाच विचारात मन बुडवायचं, डोक्यातला उजेड हळूहळू हृदयापर्यंत उतरू द्यायचा आणि मग ओठ हलवायचे.

मला हे आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मी पुस्तकांत डोकं घालून बसणारी मुलगी होते आणि माझ्या वडिलांना पहिल्यांदाच रक्तपेशींखेरीज कशाबद्दल तरी बोलताना ऐकत होते. आईला नव्हतं आवडलं. ती म्हणायची, डाव्या कप्प्यात जनावर असेल तर असू दे, त्यालाही जेवायला लागतं.

बस मागे पडली. पप्पांनी शिफ्ट उशिराची करून घेतली. वीस मिनिटांचे दीड तास झाले. पुढच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं आणि त्या वेळात कोणी पॅसेजमधून जाताना टाचा टेकवायच्या नाहीत, नळ सोडायचा नाही, मशीन चालवायचं नाही, असं ठरलं. कोणी ठरवलं? पप्पांनी विनंती केली होती, हात जोडून, आणि त्यामुळे आईला भांडताही आलं नाही. तिची गिऱ्हाइकं खोळंबायला लागली. सकाळचं घर इतकं शांत झालं, की बॉयलर पेटला तरी दचकायला व्हायचं.

लासमन एकदा आमच्याकडे आला होता, रविवारी दुपारी. लांब, स्वच्छ बोटांचा, मृदू बोलणारा माणूस. समोरच्याच्या डोळ्यांत असं बघायचा, जणू भिंगं बदलून बदलून तुमचा नंबर काढतोय. त्याने आमच्या घरात काही खाल्लं नाही. स्वतःचा काचेचा ग्लास आणला होता, त्यात काळा चहा घेतला. आईने त्या दिवशी मलिदा केला होता. नवस फेडायला किंवा शुभकार्याला आमच्यात संदेष्टा एलियाहूच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळं असं ताट मांडतात. लासमनने ताटाकडे बघून विचारलं, हे हिंदूंकडून घेतलंत का. पप्पा खाली बघत राहिले. आई मराठीत मला म्हणाली, "विचार त्याला, चहा कोणाकडून घेतला." मी विचारलं नाही. आजही मला वाटतं, विचारायला हवं होतं.

त्याच दुपारी तो परक्या विचारांबद्दल बोलला. प्रार्थनेला उभं राहिलं की नेमके भलतेच विचार येतात, भुकेचे, बायकोचे, पोरांचे. साधी माणसं त्यांना हाकलायला बघतात. ते चूक, लासमन म्हणाला. परका विचार म्हणजे वरून निखळून पडलेली ठिणगी. ती तुमच्याकडे वर जाण्यासाठी येते. तिला उत्तर द्यायचं नाही, तिच्या मागे जायचं नाही, तिचं मूळ शोधून तिला वर उचलून द्यायचं. मन जितकं चढत जाईल तितका हा विचार जवळच्या माणसाचं रूप घेईल, कारण सर्वांत जवळचं माणूसच सर्वांत जोरात खाली ओढतं. आणि उभ्या प्रार्थनेत तर राजाने नमस्कार केला तरी उत्तर देऊ नये, टाचेला सापाने वेटोळं घातलं तरी हलू नये, हे शास्त्रच आहे.

आई इंग्रजी कमी बोलायची पण समजायची सगळं. ती पप्पांना म्हणाली, "अहो, आमच्याकडे साप निघाला की आधी काठी शोधतात. ह्यांना सांगा."

पप्पांनी सांगितलं नाही. मी हसले. लासमनने विचारलं, काय म्हणतायत त्या? पप्पा म्हणाले, चहा आणखी हवा का विचारतेय.

पुढे कित्येक वर्षांनी मी ती पुस्तकं स्वतः वाचली, भाषांतरातून आणि नंतर थोडी हिब्रूतून. लासमन खोटं बोलला नव्हता. सगळं तिथे आहे. पण त्याच ग्रंथांमध्ये हेही आहे, की परके विचार वर उचलणं हे फक्त संतांचं काम; ज्याचं स्वतःचं मन अजून खाली बांधलेलं आहे त्याने हा उद्योग करू नये, त्याने कान बंद करून आपले शब्द म्हणावेत. सापाच्या वाक्याला लागूनच विंचवाची गोष्ट आहे. विंचू आला तर थांबावं, कारण जीव जाऊ शकतो. लासमनला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. माणसं ऐकायला येतात ती उंचीच्या ओढीने. तुमच्यासाठी हे नाही, असं सांगितलं असतं तर मंगळवारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या.

आईला झालं तो दिवसही रविवारच होता. मी बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, आणायला गेले होते आणि रविवारी त्या दुकानाची रांग कोपऱ्यावरून वळायची. परत आले तेव्हा नऊ वाजून वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. पुढच्या खोलीचं दार किंचित उघडं राहिलं होतं. फटीतून पप्पांची पाठ दिसली, पांढरी शाल, पाय जुळवलेले, शरीर हलकेच पुढे-मागे. मी ते दार लावून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून मूठ धरून, हळूच. मग टाचा न टेकता किचनमध्ये गेले.

आई सिंकजवळ जमिनीवर होती. एका कुशीवर, एक पाय विचित्र मुडपलेला. वालाचा वाडगा उपडा झाला होता आणि सालं पाण्यासकट फरशीवर पसरली होती. तिचे डोळे उघडे होते. तोंडाची उजवी बाजू उतरली होती आणि ती बाजू माझी नव्हती, म्हणजे माझ्या आईची नव्हती, असं मला वाटलं. मी ओरडले. तेव्हा पप्पा आले. कपाळावर आणि डाव्या दंडावर प्रार्थनेच्या चामडी पेट्या, हाताला पट्टे गुंडाळलेले. ॲम्ब्युलन्समधून ते तसेच आले. ॲम्ब्युलन्सवालीला ते पट्टे रक्त थांबवायला बांधलेले वाटले आणि तिने विचारलं, रक्त कोणाचं जातंय. त्या दिवसात हसू येण्यासारखं तेवढंच होतं आणि ते हसू मला रात्री उशीत तोंड खुपसून आलं.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने विचारलं, हे नक्की कधी झालं. वेळ महत्त्वाची आहे, तो म्हणाला, शेवटचं त्यांना धड कधी पाहिलंत? मी म्हणाले, मी साडेआठला निघाले तेव्हा आई वाल सोलत होती. डॉक्टर तेच लिहायला लागला.

पप्पा म्हणाले, पावणेनऊ.

डॉक्टरने मान वर केली. पप्पांनी लॅबमध्ये रिपोर्ट सांगावा तशा आवाजात सांगितलं, की पुढच्या खोलीतल्या घड्याळाचा पाऊण तासाचा टोला पडला आणि लगेच. डॉक्टरने साडेआठ खोडून ते लिहिलं. तो निघून गेल्यावर आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. पट्ट्यांचे वळ पप्पांच्या हातावर अजून दिसत होते.

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

"अहो म्हणाली. दोनदा. मग काहीतरी पडलं." त्यांनी हातावरचे वळ चोळले. "मग परत, अहो."

"आणि तुम्ही उभे राहिलात."

"मी वर उचललं, दीना," पप्पा म्हणाले. "मला वाटलं, तो विचार आहे. तिचाच आवाज होता म्हणून तर वाटलं."

चाळीस मिनिटं. मी हिशेब केला आणि त्यांना तोंडावर सांगितला. ते म्हणाले, हो. स्वतःच्या बाजूने त्यांनी एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला भांडता आलं असतं.

लासमन तिसऱ्या दिवशी वॉर्डात आला, हातात स्तोत्रांचं छोटं पुस्तक घेऊन. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं, फक्त घरच्यांना परवानगी आहे. ते खोटं होतं. त्याने माझ्या डोळ्यांत त्याच्या पद्धतीने पाहिलं आणि अतिशय हळुवारपणे सांगितलं, की माझ्या वडिलांचा गैरसमज झाला, जिवाला धोका असेल तर प्रार्थना सोडावीच लागते, कुठलाही शाळकरी मुलगा सांगेल. मग तो म्हणाला, "मी विचारांबद्दल बोललो होतो. बायकोबद्दल नाही." मी त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि लिफ्टशेजारच्या केराच्या डब्यात टाकलं. आमच्यात पवित्र पुस्तक चुकून जमिनीवर पडलं तरी उचलून त्याची पापी घेतात. मला त्याबद्दल अजून वाईट वाटलेलं नाही.

आई दोन महिन्यांनी घरी आली. ती पुढे आठ वर्षं जगली. उजवा हात गेला तो गेलाच, मशीन विकलं. बोलणं थोडं परत आलं, एकेक शब्द, ओल्या कपड्यातून पिळून काढल्यासारखा. पप्पांनी मंगळवारचा वर्ग सोडला. घरात पूर्वीसारखे आवाज व्हावेत म्हणून ते किचनमध्ये मुद्दाम रेडिओ लावून ठेवायचे. स्वयंपाक तेच करायला लागले आणि बिरडं करायचे तेव्हा वाल सोलायला इतका वेळ लावायचे की बघवत नसे. प्रार्थना मात्र चालू राहिली, वीस मिनिटांची, पहिल्यासारखी. फक्त पुढच्या खोलीचं दार आता सताड उघडं असायचं आणि दाराखाली लाकडाची पाचर ठोकलेली, ते चुकूनही लागू नये म्हणून.

एका सकाळी आई खुर्चीवरून घसरायला लागली आणि मला एकटीला पेलवेना. मी हाक मारली, "पप्पा." ते धावत आले. उभ्या प्रार्थनेतून, मधेच, जुळवलेले पाय सोडवून. आईला आम्ही नीट बसवलं आणि ते परत गेले. फळी करकरली. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नव्हतं. आई शांत बसून दूध पीत होती. मी तरी हाक मारली. मला बघायचं होतं. ते आले, धापा टाकत. "काय गं?" मी म्हणाले, काही नाही. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेले.

मग मी रोज मारायला लागले. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. एकोणीस आशीर्वाद आहेत त्या प्रार्थनेत. सहावा क्षमेचा, तिथे छातीवर दोन थापा. सातवा सुटकेचा. आठवा आजाऱ्यांसाठी, तिथे आजारी माणसाचं नाव घालून, त्याच्या आईचं नाव घालून मागता येतं. मी किचनच्या दारात उभी राहून थापांची वाट बघायची. दोन थापा ऐकू आल्या, की सातवा संपेपर्यंत थांबायची. तेवढा वेळ मला पाठ झाला होता. आणि मग हाक मारायची. त्यांना क्षमा मागू द्यायची, पण आईसाठी मागू द्यायचं नाही. तो हक्क त्यांचा राहिलेला नाही, असं सोळा-सतरा वर्षांच्या मला वाटत होतं. ते प्रत्येक वेळी आले. एकदाही न येता राहिले नाहीत. एकदाही रागावले नाहीत. काही नाही म्हटलं की मान हलवून परत जायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे, आणि दुसऱ्या खेपेलाही थापांनंतर मी हाक मारायची. लॅबची वेळ झाली की ते शाल घडी करून निघून जायचे. त्या दिवसाची प्रार्थना तशीच राहायची.

आईला सगळं कळत होतं. एकदा तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि पुष्कळ खटपटीने म्हणाली, "नको." मी तिचा हात सोडवला. माझं वय तेव्हा असं होतं, की दुसऱ्यासाठी धरलेला राग मला पुण्यकर्मासारखा वाटायचा. आता ते वय नाही आणि तरी लासमनचा विचार आला की मला आतून तेच पुण्य जाणवतं. ते कमी होत नाही. कमी व्हावं असा प्रयत्नही मी केलेला नाही.

दीड वर्ष असं चाललं. मग मला लीड्सच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. निघायच्या सकाळी बॅगा पॅसेजमध्ये उभ्या होत्या आणि शेजारचा माणूस मला गाडीने स्टेशनवर सोडणार होता. पप्पा पुढच्या खोलीत उभे राहिले. मी किचनमध्ये आईचे केस विंचरत होते. मी मनाशी ठरवलं होतं, आज नाही. क्षमा वगैरे काही केली नव्हती. मी जाणार होते आणि उद्यापासून हाक मारायला घरात कोणी नसणार होतं, तर आजपासूनच नको, एवढंच. मी रेडिओ बंद केला. तीन पावलं, फळी. बऱ्याच वेळाने दोन थापा. माझा कंगवा थांबला. आईनेही मान ताठ केली. सातवा संपण्याइतका वेळ गेला. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

पॅसेजमध्ये पावलं वाजली. पप्पा दारात आले, शाल एका खांद्यावरून घसरलेली.

"हाक मारलीस?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे बघितलं. तिने डोकं हलवलं, नाही. त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मग अगदी समजूतदारपणे, जणू चूक माझीच आहे पण त्यांना ती काढून दाखवायची नाही, म्हणाले, "मला ऐकू आली."

ते परत गेले. फळी करकरली. बाहेर शेजाऱ्याने हॉर्न वाजवला, पण आईने माझ्या हातातला कंगवा धरून ठेवला होता आणि आम्ही दोघी जागच्या हललो नाही. पुन्हा थापा ऐकू आल्या, एक आणि दोन. मी मोजत राहिले. आईही मोजत होती, तिचे अर्धे ओठ हलताना मला दिसत होते. आणि मग, आम्ही दोघींनी आवाज केलेला नसताना, पप्पांची पावलं पुन्हा पॅसेजमध्ये आली.